वाटीतला वास

"चकती टाकायच्या आधी कुणाकडे बघायचं नाही आणि कुणाचा कानोसाही घ्यायचा नाही," शिराळकर मॅडम म्हणाल्या. म्हणाल्या सगळ्यांना, पण बघत होत्या माझ्याकडे.

सगळ्यांना म्हणजे आम्हा दोघांनाच. मी आणि दत्ता मोहिते. साताऱ्याच्या एमआयडीसीतली मसाल्याची कंपनी होती आणि आमचं काम वास घेण्याचं. हे सांगितलं की लोक हसतात. पण मसाल्याची बॅच तयार झाली की पाकिटांत जायच्या आधी ती आमच्या नाकाखालून जायची. पडदे लावलेल्या दोन खोपट्यांत आम्ही बसायचो. आत तांबडा मिणमिणता दिवा, म्हणजे रंग कळू नये. समोर स्टीलची वाटी, वर भोकं पाडलेलं झाकण. झाकण काढायचं नाही, नुसता वास घ्यायचा. बॅच चांगली वाटली तर हिरवी चकती डाव्या डब्यात, वाईट वाटली तर लाल चकती उजव्या डब्यात. एक जरी लाल पडली तरी सगळा माल थांबायचा आणि नमुना प्रयोगशाळेत जायचा.

गेल्या तीन आठवड्यांत मी दोन लाल टाकल्या होत्या. एकदा गोड्या मसाल्याला, एकदा गरम मसाल्याला. दोन्ही वेळा प्रयोगशाळेने माल स्वच्छ असल्याचं सांगितलं. दोन्ही वेळा गाड्या अडकल्या आणि कारखान्याचे मॅनेजर येऊन मॅडमच्या टेबलाशी मोठमोठ्याने बोलून गेले.

"खाडेबाई, तुमचं नाक लय तिखट झालंय हां," दत्ता मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाला. "आमच्या नाकाला काहीच कळंना."

"सर्दी झाली होती," मी म्हटलं.

"सर्दीत नाक बंद व्हतंय. तुमचं उघडलं व्हय?"

मी हसले आणि डब्यातली पोळी तशीच झाकून ठेवली. पोळीलाही मला त्या दिवशी रॉकेलचा वास येत होता.

मला दिवस गेले होते. हे त्या अख्ख्या कंपनीत कुणाला माहीत नव्हतं.

सांगलीच्या जुन्या कंपनीत मी हेच वासाचं काम करत सहा वर्षं काढली होती. तिथे पगार वाढायचं नाव नव्हतं, म्हणून साताऱ्याला अर्ज केला, मुलाखत झाली, नेमणूक हातात पडली. मी ताठ मानेने राजीनामा दिला. नोटिशीच्या महिन्यातच कळलं. लग्नाला सात वर्षं झाली होती; आम्ही आशा सोडली नव्हती, पण तिच्याबद्दल बोलणं सोडलं होतं. मकरंद, माझा नवरा, डॉक्टरकडून बाहेर आला तो रस्त्यातच रडायला लागला. त्याच आठवड्यात तो काम करत होता ते गाड्यांचं शोरूम बंद पडलं. देव एका हाताने देतो तेव्हा दुसरा हात कुठे असतो ते बघून ठेवावं, हे मी तेव्हा शिकले.

मी राजीनामा मागे घ्यायला गेले. मालकांचा मुलगा म्हणाला, "अहो ताई, तुमच्या जागेवर माणूस घेतलाय. आता कसं करायचं?" मग मकरंदने कोल्हापूरच्या आपल्या मावसभावाला, सुहासला फोन लावला. तो एका कामगार सल्लागाराच्या ऑफिसात होता.

"जुनी नोकरी धरत नाहीत, वहिनी," सुहास म्हणाला. "तिथली सहा वर्षं काय न् सोळा काय. बाळंतपणाची पगारी रजा नव्या कंपनीकडून घ्यायची, तर नव्या कंपनीत ऐंशी दिवस काम भरायला पाहिजे. प्रसूतीची तारीख असेल त्याच्या आधीच्या वर्षभरात."

"तेवढे भरतील."

"भरतील, पण त्यांनी ठेवलं तर. तुम्ही प्रोबेशनवर असणार. माझं ऐका, ऐंशी होईपर्यंत तोंड उघडू नका. एकदा झाले की बिनधास्त सांगा."

सल्ला प्रेमाचा होता आणि मला पटलाही होता. त्या सव्वीस आठवड्यांच्या पगारावर आमचं घर चालणार होतं. ती रजा मिळाली नसती तर ओली बाळंतीण मी महिन्याभरात कुठेतरी कामाला उभी असते, आणि सात वर्षांनी आलेलं लेकरू कुणाच्या तरी मांडीवर असतं. म्हणून मी एक नंबर मोठा अ‍ॅप्रन मागून घेतला आणि तोंडाला कुलूप लावलं.

कुलूप तोंडाला लागतं हो, नाकाला लागत नाही. तिसऱ्या महिन्यापासून माझं नाक वेड्यासारखं वागायला लागलं. हिंगाच्या खोलीवरून जाताना मी श्वास धरायची. लिफ्टमध्ये माणसाच्या शर्टावरून त्याने सकाळी काय खाल्लं ते मला कळायचं. आणि कधीकधी जे नव्हतंच तेही कळायचं. दोन लाल चकत्या त्यातल्याच.

दुसऱ्या लालनंतर मॅडमनी मला बोलावलं. इंदुमती शिराळकर म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, पन्नाशीच्या, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलणं असं की एक शब्द जास्त गेला तर त्यांच्या खिशातून जाणार आहे.

"काही त्रास होतोय?"

"नाही, मॅडम."

"झोप होते?"

"हो."

"घरी सगळं बरं?"

"सगळं बरं आहे."

"तुझ्या मुलाखतीत मी तुला अकरा नमुने दिले होते," त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा बरोबर. म्हणून घेतलं. प्रोबेशनवरच्या माणसाची तिसरी चूक झाली की मला वर लिहून द्यावं लागतं. काही सांगण्यासारखं असेल तर सांग."

सांगण्यासारखं एकच होतं. मी म्हटलं, "यापुढे चूक होणार नाही."

आणि होऊ नये याची मी सोय केली. दत्ताचं खोपटं माझ्या शेजारी. डावा डबा त्याच्या भिंतीकडे, उजवा लांब. त्याची चकती कुठे पडली ते आवाजावरून कळायचं. मी वाटीवर नाक धरून नुसती बसायची, पलीकडे टप्प झालं की मग आपली चकती टाकायची. दत्ताचं नाक भरवशाचं होतं. दहा-बारा दिवस मी त्याच्या नाकावर पगार घेतला. मला लाज वाटायची. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि कॅलेंडरवर ऐंशीतले निम्मे दिवस नुकतेच उलटले होते.

म्हणून त्या सकाळी 'कानोसा' हा शब्द ऐकला तेव्हा मी दत्ताकडे बघायचं टाळलं.

"आज दिवाळीच्या कांदा-लसूण मसाल्याची पहिली बॅच आहे," मॅडम म्हणाल्या. "मोहिते, तुम्ही गोदामात जा. नवी मिरची आलीय, ती बघून या."

"आणि वास?" दत्ताने विचारलं.

"वास ही घेईल. एकटी."

दत्ता माझ्याकडे बघत बघत गेला. मॅडमनी मला आत बसवलं, वाटी ठेवली, दोन चकत्या माझ्या हातात दिल्या आणि पडदा ओढला. नेहमी त्या टेबलाशी जाऊन बसायच्या. आज पावलं वाजली नाहीत. त्या पडद्यापलीकडेच उभ्या होत्या.

वाटी कोमट होती. मी झाकणावर वाकले, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला.

खवट.

सुक्या खोबऱ्याचा तो जुना, तेलकट, घशात चिकटणारा वास. मी मागे सरले. मनगटाचा वास घेतला, नाक साफ होतं त्याने, आणि परत वाकले. खवट. नक्की खवट. मग तिसऱ्यांदा वाकले तर वाटलं, नक्की का?

पलीकडून टप्प होणार नव्हतं. आयुष्यात इतकी एकटी मी कधी बसले नव्हते.

लाल टाकावी, आणि माल चांगला निघाला, तर तिसरी चूक. मॅडम वर लिहून देणार आणि आठवड्याभरात मी घरी. हिरवी टाकावी, तर कदाचित वाचेनही. पण वास खरा असला तर? दिवाळीचा माल. टनावारी पाकिटं जाणार, आणि पाटणपासून फलटणपर्यंत घरोघरी भाजीत तो वास उतरणार. लोक कंपनीला नावं ठेवत नाहीत, भाजी करणाऱ्या सुनेला ठेवतात. मी सहा वर्षं नाकावर जेवलेली बाई. मला कुणी मूर्ख म्हटलं तर चालायचं, पण माझ्या हातून खवट खोबरं पुढे गेलं असं कुणी म्हटलेलं चाललं नसतं.

हिरवी डाव्या हातात, लाल उजव्या हातात. मी डावा हात डब्यापर्यंत नेला. परत घेतला. उजवा नेला. परत घेतला. पोटातल्या पोटात मी त्या लेकराला म्हणाले, अरे, तू तरी सांग, हा वास तुझा आहे का वाटीचा? माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि त्याबरोबर एक गोष्ट स्वच्छ कळली. मला खरंच माहीत नव्हतं. हिरवी टाकली तरी ती थाप होती आणि लाल टाकली तरी थापच.

मी पडदा सरकवला. मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

"मला नाही टाकता येत, मॅडम."

"का?"

"खवट वास येतोय. पण तो वाटीत आहे का माझ्या नाकात, ते मला सांगता येत नाही. तुम्ही नमुना प्रयोगशाळेत पाठवा. माझ्यावर जाऊ नका."

"नाकात कशाने येईल?"

मी खाली बघितलं. सुहासचा आवाज कानात होता, मकरंदचा रस्त्यातला चेहरा डोळ्यांपुढे होता. आणि तरी तोंड उघडलं.

"मला दिवस गेलेत. पाचवा लागलाय."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "पाटणे! आत या."

पाटणे साहेब म्हणजे आमचे एचआर. ते बाहेर बाकावर बसले होते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते आत आले. त्यांच्या हातात कंपनीच्या नावाचं लांबट पाकीट होतं, आणि पाकिटावर टाइप केलेलं माझं नाव मला दारातूनच दिसलं.

"सांग यांना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, नको ना—"

"आत्ता मला सांगितलंस तेच. स्पष्ट."

मी खोपट्याची कड धरली. "सर, मी गरोदर आहे."

पाटण्यांनी पाकिटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मॅडमकडे. "आत्ता?"

"आत्ता," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यासमोर. पत्र दिलंत का हिला?"

"नाही. तुम्ही सही करणार होता ना आता. काम असमाधानकारक म्हणून."

"मी सही करत नाही."

"अहो पण मॅडम, मॅनेजर साहेबांनी सांगितलंय. दोन बॅचा अडकल्या. आणि तुम्हीच म्हणालात, तिसरी चूक—"

"तिसरी चूक झालेली नाही. आणि पहिल्या दोन का झाल्या ते आत्ता कळलं. गरोदर बाईच्या नाकाचा भरवसा नसतो, हे आपल्याच नियमात आहे. ती पॅनेलवर बसायलाच नको होती. तो दोष कामाचा नाही." त्यांनी पाकीट पाटण्यांच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि परत त्यांच्याच हातात दिलं. "सकाळी हे पत्र नाकाबद्दल होतं. आता ते पोटाबद्दल होईल. ती गरोदर आहे हे कळल्यावर तुम्ही हे तिला दिलंत, तर उद्या उत्तर कोण देणार? साहेब देतील?"

पाटण्यांनी पाकीट खिशात घालायचा प्रयत्न केला. ते मावेना. "मी बोलतो साहेबांशी," ते म्हणाले. "पण मग हिला बसवायचं कुठे?"

"नमुन्यांच्या खोलीत. जुने नमुने लावायचे, तारखा बघायच्या. हजेरी आपलीच, पगार तोच. आजपासून."

मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. इतके दिवस जी गोष्ट बाहेर पडली तर सगळं संपेल म्हणून मी दातांखाली धरून ठेवली होती, ती बाहेर पडल्यामुळेच पत्र थांबलं होतं. सुहास भला माणूस, पण त्याने मला नेमका उलटा रस्ता दाखवला होता. गप्प राहिले असते तर काम येत नाही म्हणून गेले असते, आणि त्यावर कुणाला काही बोलता आलं नसतं. मला तिथेच बसावंसं वाटलं, आणि मी खरंच स्टुलावर बसले.

मग एकदम आठवलं. "मॅडम, पण बॅच? खोबरं खरंच खवट असलं तर? दिवाळीचा माल आहे."

"झाकण काढ," त्या म्हणाल्या.

"काढायचं नसतं ना?"

"मी सांगते आहे ना. काढ."

मी तांबड्या उजेडातून वाटी बाहेर आणली आणि झाकण उचललं. आत कोमट पाणी होतं. नुसतं. नळाचं, स्वच्छ, तळ दिसणारं पाणी.

"पाणी?" मी म्हटलं.

"दिवाळीची बॅच उद्या आहे. पाण्याच्या वाटीला चकती नसते. हिरवी टाकली असतीस तरी चूक, लाल टाकली असतीस तरी चूक. मग मला सही करावीच लागली असती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काही नव्हतं. वाटत होतं." त्यांनी माझ्या हातून वाटी घेतली. "हिंगाच्या खोलीवरून जाताना तू पदर नाकाला लावत होतीस. बडीशेप खाऊन पाणी पीत होतीस. मला दोन बहिणी आहेत, वहिनी आहे. पण वाटून काय उपयोग? मी तोंडावर विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर त्या नाहीवर मी बांधली गेले असते. एकदा आडून विचारलं, तर सगळं बरं आहे म्हणालीस. हे तुझ्याच तोंडून यायला पाहिजे होतं. पत्र हातात पडायच्या आधी." मग नेहमीचा सूर परत आला. "आणि दोन बॅचा अडकवल्यास, ते मी विसरलेले नाही. मोहित्यांच्या चकतीचा आवाज ऐकून आपली टाकत होतीस, तेही नाही."

मी मान खाली घातली. भीती इतके दिवस अंगात राहिली होती की ती निघायला लागली तेव्हा हुडहुडी भरल्यासारखं झालं. पण एक गोष्ट अजून उरली होती. ती कंपनीत कुणालाही विचारायची हिंमत मला पहिल्या दिवसापासून झाली नव्हती. दुसऱ्याच कुणाबद्दल विचारल्यासारखं करूनही झाली नव्हती. मी डोळे पुसले आणि उभी राहिले.

"पाटणे साहेब, मला बाळंतपणाची पगारी रजा मिळेल का?"

पाटणे दाराशी थांबले. नेमणुकीची तारीख विचारली, डॉक्टरांनी दिलेली तारीख विचारली, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं पुढे उलटली. बोटांची पेरं मोजताना त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, हा माणूस मोजून होईपर्यंत मी बाळंत होईन.

"ऐंशी भरतात," ते अखेर म्हणाले. "आधीच भरतात, चांगले. मिळेल. सगळीच्या सगळी." आणि मग, एचआरच ते, पुढे म्हणाले, "फक्त बिनपगारी दांड्या फार मारू नका. काम केलेले दिवस धरतात."

ते गेले. त्यांच्यामागे दार लागलं तशी मी रडले, चांगली हुंदके देऊन, अ‍ॅप्रनच्या बाहीला नाक पुसत. मॅडम शेजारी नुसत्या उभ्या राहिल्या. पाठीवरून हात फिरवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. माझं रडणं ओसरल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं.

"आज घरी जा," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला सांग. तोंड बघ कसं झालंय. उद्यापासून ये."

मी ताडकन म्हणाले, "नको, मॅडम! दिवस बुडेल."

शिराळकर मॅडमना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी नमुन्यांच्या खोलीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी आत जाऊन पहिल्या फळीपासून बरण्या लावायला घेतल्या आणि सुट्टीचा भोंगा होईपर्यंत तिथून हलले नाही.